भट्टीत भाजलेले लाकूड : दाराला चालेल, तुळईला नको



सुगी उरकली, हातात चार पैसे आले, की गावोगाव घराची कामे निघतात. कुणाचे माळवद गळत असते, तर कुणाला थोरल्याच्या लग्नाआधी दोन खण वाढवायचे असतात. अशा वेळी तालुक्याच्या वखारीत गेले की हल्ली एक नवा शब्द कानावर पडतो. तो शब्द म्हणजे ‘हीट ट्रीटेड’ लाकूड. काही दुकानदार त्याला ‘थर्मोवुड’ म्हणतात. रंग सागवानासारखा तपकिरी, वजनाला हलके, हात फिरवला तर गुळगुळीत. पाहताक्षणी माणूस भुलतो.

याच लाकडाबद्दल एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घराचे बांधकाम चालू आहे. दुकानदाराने सांगितले की दारे, खिडक्या आणि मधल्या घरावरच्या माळ्याच्या तुळया, सगळे याच लाकडाचे करा. फुगणार नाही, वाळवी लागणार नाही, नातवंडांच्या काळापर्यंत बघायला नको. घरधन्यांचे मन वळले आहे. ताई लिहितात, “माळ्यावर आमची वर्षाची ज्वारी असते आणि खाली पोरे निजतात. म्हणून विचारते.”

ताई, आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे सांगतो. दाराखिडक्यांच्या झडपांना हे लाकूड चांगले आहे, परवडत असेल तर जरूर घ्यावे. माळ्याच्या तुळयांना ते मुळीच घेऊ नये. वाळवीची हमी दुकानदार तोंडी देत असेल तर ती पावतीवर लिहून मागावी. तो लिहून देणार नाही.

मी शेतकीचा पदवीधर, सुतार नव्हे. पण लाकूड हेही शेवटी एक पीकच आहे. त्याच्या अंगात पाणी कसे येते-जाते हे समजले की बाकीचे कोडे आपोआप सुटते.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे नव्याने सांगायला नको. चैत्र-वैशाखात चाकाची लाकडे आटायची, धाव सैल व्हायची, आरे खुळखुळायचे. मग चाके काढून ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायची. दोन दिवसांत लाकूड फुगून चाक पुन्हा घट्ट. तेच लाकूड श्रावणात दाराच्या रूपाने फुगते. मग कडी लागत नाही, पोराला सांगावे लागते की खांदा लाव. लाकूड तोडून कितीही वर्षे झाली तरी त्याची ही सवय जात नाही. हवा दमट झाली की ते ओल ओढून घेते, कोरडी झाली की सोडते. बीड-लातूरकडे एप्रिलच्या कोरड्या हवेत साध्या लाकडात शेकडा ५-६ टक्के ओल उरते. कोकणात आषाढ-श्रावणात तीच १८-२० टक्क्यांवर जाते. एवढ्या फरकाने आंब्याची एक फूट रुंदीची फळी रुंदीत साधारण पाव इंच वाढते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून दार वरखाली न अडकता बिजागरीच्या विरुद्ध बाजूला अडकते.

आता भट्टीत काय होते ते पाहू. कुंभाराच्या अंगणात उन्हात वाळत घातलेले मडके डोळ्यासमोर आणा. ते कितीही वाळले तरी पाण्यात ठेवले की पुन्हा चिखल. तेच मडके आव्यात भाजून निघाले की मग भिजले तरी मडकेच राहते. मातीचा गुणच पालटलेला असतो. लाकडाचेही थोडेफार असेच आहे. उन्हात किंवा साध्या गरम खोलीत वाळवलेले लाकूड हे वाळलेल्या मडक्यासारखे. त्यातले पाणी गेले, पण पाणी ओढण्याची हौस गेली नाही. सुमारे १८० ते २२० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की मात्र लाकडाच्या घटकांतच बदल होतो. लाकडात पाण्याला धरून ठेवणारा एक साखरेच्या जातीचा घटक असतो. उष्णतेने तो आधी मोडतो. बुरशीलाही तोच आवडतो. तो गेला की लाकूड ओल कमी ओढते, फुगणे-आटणे निम्म्याच्या आसपास येते आणि बुरशी सहज धरत नाही.

हे ज्ञान तसे जुने आहे. अमेरिकेत मॅडिसन येथील सरकारी काष्ठ प्रयोगशाळेत स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळलेल्या धातूखाली लाकूड तापवून पाहिले होते आणि १९४६ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. लाकूड फुगायचे थांबले, पण त्याचा चिवटपणा गेला, म्हणून तो माल बाजारात फारसा गेला नाही. पुढे १९९० नंतरच्या दशकात फिनलंड देशात तिथल्या व्हीटीटी या संशोधन संस्थेने ही रीत व्यवहारात आणली. तिकडे पाइन आणि स्प्रूस ही मऊ लाकडे उदंड. ती बंद भट्टीत वाफेच्या वातावरणात तापवतात. वाफ कशासाठी? हवा आत असेल तर लाकूड पेट घेईल. वाफेने हवा बाहेर राहते. आधी हळूहळू पूर्ण वाळवायचे, मग दोन-तीन तास चढत्या आचेवर ठेवायचे आणि मग पाण्याच्या फवाऱ्याने सावकाश निववून त्यात ४ ते ७ टक्के ओल परत आणायची. पाइनसारख्या लाकडाला १९० अंशांची एक प्रत आणि २१२ अंशांची दुसरी प्रत असते. पहिली मुख्यतः आकार टिकावा म्हणून, दुसरी उघड्यावर अधिक टिकावी म्हणून. वखारवाल्याला यातली कोणती प्रत आहे हे विचारावे. ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडचा माल नेमका काय आहे याची शंका घ्यायला जागा आहे.

आपल्या देशातही बंगळूरच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत रबराचे लाकूड आणि सिल्व्हर ओक यांच्यावर असे प्रयोग झाले आहेत. म्हणजे ही गोष्ट भुलथाप नाही, शास्त्र पक्के आहे. भुलथाप सुरू होते ती विक्रीच्या वेळी.

मडक्याची गोष्ट अजून पुरी झाली नाही. भाजलेले मडके पाण्याला भीत नाही, पण हातातून निसटले तर त्याचे काय होते? भट्टीतल्या लाकडाचेही तेच. आच जितकी जास्त तितके ते ठिसूळ. वाकण्याचे बळ शेकडा १० पासून ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. बळापेक्षाही चिवटपणा जातो, हे जास्त घातक. साग, ऐन, बाभूळ यांची चांगली तुळई जास्त भार झाला तर आधी वाकते, करकरते, घरातल्या माणसांना इशारा देते. रात्री झोपेत ऐकू येणारा तो आवाज म्हाताऱ्या माणसांना बरोबर कळतो आणि सकाळी खाली टेकू लागतो. भाजलेले लाकूड असा इशारा देईलच याचा भरवसा नसतो. ते खडूच्या कांडीसारखे तुटू शकते. ज्वारीची एक क्विंटलची दहा पोती म्हणजे एक टन. त्यावर माळ्याच्या फळ्या, वर चढणारा माणूस, दिवाळीला आवराआवर करणारी मंडळी. हा भार ताईंच्या मुलांच्या डोक्यावर असणार आहे. फिनलंडच्या उत्पादकांच्या माहितीपुस्तिकेतच लिहिले आहे की भार सोसणाऱ्या बांधणीत हे लाकूड वापरू नये. ते आपल्या वखारीपर्यंत पोचत नाही एवढेच. म्हणून तुळई, आढे, वासे, जिन्याच्या पायऱ्या, पोटमाळ्याच्या फळ्या आणि कड्यांवर टांगलेला झोपाळा यांना हे लाकूड नको. झोपाळ्याचे मुद्दाम लिहिले, कारण रंगाच्या मोहाने लोक तोच आधी करायला घेतात.

आता वाळवी. या लाकडाचा मूळ मुलूख फिनलंड. तिथे थंडी एवढी की वाळवीच नाही. जिथे शत्रूच नाही तिथल्या किल्ल्याची परीक्षा कशी व्हावी? आपल्या जमिनीतली वाळवी भाजलेले लाकूडही खाते. बुरशीपासून बचाव होतो म्हणून वाळवीपासूनही होईल असे समजू नये. वाळवीवर उपाय घराच्या पायाशी करायचा असतो. जोते उंच घ्यावे, चौकटीचे पाय मातीत न पुरता दगडावर टेकवावेत, भिंतीवर मातीची नळी चढताना दिसली की लगेच मोडावी. पायात औषध घालायचे असेल तर ते परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. पिकावरची उरलेली बाटली तिथे ओतू नये. घरात माणसे राहायची आहेत.

इथे बरेच जण म्हणतील, “साहेब, आमचे वाडवडील कुंपणाच्या मेढीचे टोक जाळात काळे करून पुरायचे, ते काय उगाच?” वाडवडिलांचा मान राखून सांगतो, त्याने फारसा फायदा होत नाही. अमेरिकेत मेढी जमिनीत पुरून वर्षानुवर्षे तपासण्या झाल्या. त्यांत टोक भाजलेल्या मेढींना साध्या मेढींपेक्षा विशेष आयुष्य मिळाले नाही. कोळसा कुजत नाही हे खरे, पण कोळसा होतो तो वरचा पातळ थर. आतले लाकूड जसेच्या तसे कच्चे. जाळात टोकाला भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल व बुरशी थेट आत जाते. उलट जमिनीलगत, जिथे मेढ आधी सडते तिथेच, जळाल्यामुळे ती बारीक होते. त्यापेक्षा पांढरे लाकूड तासून काढून फक्त गाभ्याची मेढ पुरली तर ती कितीतरी जास्त टिकते. भट्टीत नीट भाजलेले लाकूडही जमिनीत पुरण्यासाठी नाही, हेही त्याच पुस्तिकेत आहे.

वरचेवर जाळण्याची रीत एका ठिकाणी मात्र खरोखर उपयोगी पडते. जपानच्या पश्चिम भागात घरांच्या बाहेरच्या भिंतींना काळ्या कोळशासारख्या फळ्या लावलेल्या असतात. तिकडच्याच एका झाडाच्या त्या फळ्या. योगायोग असा की त्या झाडाचे जपानी नाव ‘सुगी’. तीन फळ्या उभ्या करून त्रिकोणी नळीसारख्या बांधतात आणि खाली जाळ लावतात. नळीतून धुराड्यासारखा ओढा लागतो आणि काही मिनिटांत आतली बाजू काळी होते. मग सोडवून पाणी मारतात. जळालेली बाजू बाहेर ठेवून फळ्या भिंतीला उभ्या ठोकतात. तिथे भार नाही, मातीचा स्पर्श नाही, पाऊस पडला तरी निथळून जातो. म्हणून ती रीत टिकली. शहरातल्या हॉटेलांतून हल्ली या काळ्या फळ्या शोभेसाठी दिसतात. आपल्या माजघरात कुणी लावू म्हटले तर माझे मत नाही असेच आहे. पोरांचे हात आणि पाहुण्यांचे सदरे काळे होतील.

आणखी एक गोंधळ द्राक्ष बागायतदारांच्या भागात फार आहे. तासगाव, निफाड, दिंडोरीकडे निर्यातीच्या पेट्या लाकडी पॅलेटवर रचून जातात. त्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह आणि शेजारी इंग्रजी एच आणि टी ही दोन अक्षरे उमटवलेली असतात. ही अक्षरे ‘हीट ट्रीटमेंट’ची. ती वाचून लोक समजतात की हेच ते भाजलेले लाकूड, आणि जुनी पॅलेट विकत घेऊन दारे करतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॅलेटचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे तापवलेले असते. एका देशाची कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या वेळी आत असलेली कीड मरते, एवढाच त्याचा अर्थ. लाकूड पुढे फुगते, सडते, त्याला नवी कीडही लागते. ५६ अंश आणि २०० अंश, यातच सगळे आले. एच-टी ऐवजी एम-बी अशी अक्षरे असतील तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. अशा फळ्यांची धान्याची कणगी किंवा बाळाचा पाळणा मी तरी करणार नाही.

मग हे लाकूड शोभते कुठे? जिथे भार नाही पण ओल आहे, अशा जागी. न्हाणीघराचे दार, पावसाची झड बसणाऱ्या बाजूच्या खिडक्यांच्या झडपा, पत्र्याखालचे छत, ओसरीच्या भिंतीला लावायच्या फळ्या, देव्हारा, फडताळाची दारे. एक फुटी फळी जिथे पाव इंच फुगते तिथे ही अष्टमांश इंच किंवा त्याहूनही कमी फुगते. राळ निघून गेलेली असते, त्यामुळे पाइन असले तरी चिकट डाग येत नाहीत. नवीन असताना थोडा धुरकट, करपलेल्या काकवीसारखा वास येतो. तो काही दिवसांत कमी होतो. उन्हात मात्र हा सुंदर तपकिरी रंग टिकत नाही. वर्ष-दोन वर्षांत राखाडी पडतो. रंग राखायचा असेल तर रंगद्रव्य घातलेले तेल द्यावे आणि ते ठरावीक काळाने पुन्हा द्यावे लागेल असे धरून चालावे. नुसते अळशीचे तेल ऊन अडवत नाही.

सुतारमामांना दोन गोष्टी आधी सांगाव्यात. हे लाकूड काठाला पटकन तडकते, म्हणून पटाशी आणि रंधा धारदार हवा. खिळा सरळ ठोकायचा नाही, आधी गिरमिटाने भोक पाडून मग स्क्रू बसवायचा. स्क्रू आणि बिजागऱ्या शक्यतो स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. या लाकडात थोडी आंबट द्रव्ये असतात, ओल लागली की साधे लोखंड गंजते आणि काळे ओघळ उतरतात. पांढरा डिंक हे लाकूड हळू पिते, तेव्हा शिकंजा नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावा. कापताना उडणारा भुसा फार बारीक असतो, तोंडाला फडके बांधावे.

वखारीत फसवणूक होऊ नये म्हणून एक सोपी पारख सांगतो. फळीचे टोक आपल्यासमोर दोन बोटे कापायला लावावे. खरे भाजलेले लाकूड आतपर्यंत एकसारखे तपकिरी असते. वरून रंग दिलेले असेल तर आत पांढरे-पिवळे दिसेल. तो कापलेला तुकडा आणि त्याच मापाचा साध्या पाइनचा तुकडा घरी आणा. दोन्हींची रुंदी पट्टीने मोजून पेन्सिलने वर लिहून ठेवा, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. मग दोन दिवस बादलीत दगडाखाली बुडवून ठेवा. पुन्हा मोजा. भाजलेल्या तुकड्याची वाढ साध्यापेक्षा स्पष्ट कमी दिसली पाहिजे. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे काम द्यावे, ती हौसेने करतात आणि खोटेही बोलत नाहीत.

काही हुशार मंडळी विचारतात की गुऱ्हाळाच्या चुलवणावर किंवा वीटभट्टीत आपणच असे लाकूड भाजून का घेऊ नये? नको. बंद भट्टी, वाफ आणि आच मोजण्याचे साधन नसेल तर लाकूड एका बाजूने जळते आणि दुसऱ्या बाजूने कच्चे राहते. शिवाय आच एका मर्यादेपलीकडे गेली की लाकूड स्वतःच उष्णता सोडू लागते, मग जाळ आवरत नाही. लाकूड तर जाईलच, वर गुऱ्हाळही जाईल.

त्यापेक्षा ज्यांच्या बांधावर स्वतःचे झाड आहे त्यांनी ते नीट वाळवावे. (आंबा, साग, जांभूळ, खैर अशी झाडे तोडण्यापूर्वी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. आधी तलाठ्याकडे किंवा वनखात्याकडे चौकशी करावी, नंतर कुऱ्हाड.) ओंडका फार दिवस तसाच पडू देऊ नये, लवकर चिरून फळ्या कराव्यात. फळ्यांच्या दोन्ही टोकांना डांबर किंवा जुना तेलरंग फासावा, कारण पाणी टोकांतूनच वेगाने पळते आणि तिथेच आधी चिरा पडतात. सावलीत, जमिनीपासून हातभर उंच, दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या वाळलेल्या पट्ट्या आडव्या घालून ढीग रचावा. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत याव्यात, नाहीतर फळ्या वाकतील. वर वजनाला दगड ठेवावेत. एक इंच जाडीच्या फळीला साधारण एक वर्ष लागते, दोन इंचीला दोन. मे महिन्यात पूर्ण वाळलेल्या लाकडाचे दार करताना चौकटीत पावसाळ्याच्या फुगीपुरती फट सोडायला सुतारमामांना सांगावे, आणि दाराची वरची-खालची कडही रंगवून घ्यावी. ही कड कुणाला दिसत नाही म्हणून ती नेमकी कोरडी राहते आणि सगळी ओल तिथूनच आत शिरते.

ताईंना टपालाने वेगळे उत्तर दिलेच आहे. तुळयांसाठी त्यांच्याच जुन्या घरातल्या सागाच्या तुळया पाहायला सांगितले आहे. कुठे भुसा पडतो का, टोके भिंतीत सडली आहेत का हे पाहावे आणि टोचणीने जागोजागी टोचून बघावे. टोचणी आत गेली नाही तर त्या तुळया नव्या घरात खुशाल चढवाव्यात. टोके थोडी सडली असतील तर सडका भाग कापून उरलेली लांबी लहान खणाला वापरता येईल. बादलीची पारख कुणी केली तर दोन्ही तुकड्यांची मापे पोस्टकार्डावर लिहून जरूर कळवावीत.